आरसी क्रॉलरला दुसरी मोटर कुठली घालायची

"गाडी दगडावर चढत नाही, जरा पॉवरवाली मोटर सांगा ना." आरसी क्रॉलर, म्हणजे रिमोटवर चालणारी आणि दगडांवर हळूहळू चढणारी छोटी गाडी, असणाऱ्यांचा असा मेसेज मला महिन्यातनं दोन-तीनदा तरी येतो, आणि मी उलट विचारतो की पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) किती दातांचा आहे, बॅटरी २ एस की ३ एस, म्हणजे दोन सेलची की तीन सेलची, की समोरचा गप्प. त्याची चूक नाय. मीही असाच होतो. पहिली १/१० क्रॉलर (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची) घेतली तेव्हा वाटलं जास्त जोरात फिरणारी मोटर म्हणजे जास्त चढणारी गाडी, म्हणून मूळची ३५ टी, म्हणजे ३५ टर्नची (टर्नचं खाली सांगतो), काढली आणि कमी टर्नची घातली, ओहोटी बघून गोव्यात वागातोरच्या किनाऱ्यावर खाली खडकांत गेलो, पाच मिनिटं गाडी अशी पळाली की बघणारे टाळ्या वाजवत होते, आणि मग एका फटीत पुढचं चाक अडकलं, मी ट्रिगर दाबून धरला आणि वास आला. जळलेल्या वार्निशचा तो वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. दुसरी तसलीच मागवली, ती गणेश चवथीपर्यंत पण टिकली नाही.

दोन मोटरी घालवून जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय. नवीन माणसासाठी आहे, त्यामुळे ज्यांना हे सगळं येतं त्यांनी सरळ खाली समुद्राच्या पाण्याचं लिहिलंय ते वाचा, गोव्यात ते सगळ्यांनाच लागतं.

आधी बघा मोटर खरंच गेलीये का

माझी दुसरी मोटर गेली ती मोटरच्या दोषाने नव्हे. मागच्या अ‍ॅक्सलमधला एक बेअरिंग खाऱ्या पाण्याने गंजून जाम झाला होता, मोटर बिचारी ब्रेक लावलेली गाडी ओढल्यासारखी ओढत होती. तिथे कितीही भारी मोटर घातली असती तरी तीही जळली असती. म्हणून मोटर मागवायच्या आधी हे करा.

मोटरचे दोन स्क्रू सैल करून पिनियन स्पर गिअरपासून (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरपासून) बाजूला सरकवा. आता गाडी हातात धरून चाकं हाताने फिरवा. सगळीकडे सारखं हलकं फिरतंय का? कुठे खरखर, कुठे अडकतंय, तर आधी ते. ड्राइव्हशाफ्टचे सांधे, अ‍ॅक्सलचे बेअरिंग, डिफरन्शियलमध्ये शिरलेली वाळू, चाकाच्या आत गुंडाळलेलं गवत नाहीतर मासेमारीच्या जाळ्याचा दोरा, हे सगळं मी स्वतः काढलंय.

मग मोटरच्या वायरी ईएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीपासून) काढून पेन्सिल सेलच्या तीन सेलवाल्या डब्यावर लावा. मोकळी मोटर साडेचार व्होल्टवर छान एकसारखी फिरली, तर बहुतेक मोटर ठीक आहे आणि दोष ईएससीत, वायरीत नाहीतर कनेक्टरच्या सोल्डरमध्ये आहे. फिरलीच नाही, किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नसेल, तर ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) संपलेत किंवा कम्युटेटरचा (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याचा) एखादा भाग गेलाय. मल्टीमीटर असेल तर दोन टर्मिनलवर लावून शाफ्ट हळूहळू बोटाने फिरवा. आकडा मधेच एकदम उडाला, सर्किट तुटल्यासारखं दाखवलं, तर तेच. टर्मिनल आणि मोटरचा धातूचा कॅन (बाहेरचं कवच) यांच्यात मात्र कंटिन्युइटी मिळता कामा नये. बीप वाजला तर आत वायंडिंग कॅनला टेकलंय, मोटर बाद.

ज्या मोटरचे ब्रश बाहेरनं बदलता येतात ती लगेच टाकू नका. ब्रश स्वस्त असतात. बंद कॅनवाल्या साध्या मोटरला तो मार्ग नाही. आणि हो, रिवाइंड करून मिळेल का असं बरेच जण विचारतात, मी फोंड्यात पंपाचं वायंडिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे खरंच घेऊन गेलो होतो, त्याने हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आणि हसून म्हणाला, "हें म्हजें काम न्हय रे." विषय संपला.

साइझ मोजा, अंदाज करू नका

मोटरवर जो ५४०, ५५०, ३७० असा आकडा असतो तो ताकदीचा नाही, कॅनच्या मापाचा आहे. १/१० च्या बहुतेक क्रॉलरना ५४० बसते. तिचा व्यास साधारण ३६ मिमी, लांबी ५० च्या आसपास, शाफ्ट ३.१७ मिमी आणि पुढच्या तोंडावर एम३ स्क्रूची भोकं २५ मिमी अंतरावर. ५५० चा व्यास तोच, भोकंही तीच, फक्त लांबीने सात-आठ मिमी जास्त. हे सात-आठ मिमीच नडतात, काही गाड्यांत मागचं टोक चॅसिसच्या पट्टीला नाहीतर बॅटरी ट्रेला टेकतं. शिवाय वजन वाढतं, आणि क्रॉलरला वजन हवं असतं ते खाली आणि पुढे. ट्रॅक्सस टीआरएक्स-४ मूळची ५५० घेऊन येते, ती २१ टर्नची आणि उलट्या दिशेने फिरणारी असते, त्यात ५४० आरामात बसते. दिशेचं खाली सांगतो.

छोट्या गाड्यांचं वेगळं. डब्ल्यूपीएल कंपनीच्या छोट्या गाड्या चालवणारे बहुतेक ३७० घालतात, तिचा व्यास २४ मिमीच्या आसपास आणि शाफ्ट २ मिमी. म्हणजे ५४० चा पिनियन तिला चालणार नाही, आणि ३७० घातल्यावर आतले प्लॅस्टिकचे गिअर किती दिवस टिकतील ते देव जाणे, त्यामुळे मोटरबरोबर धातूचे गिअर पण मागवा. एससीएक्स२४ सारख्या १/२४ गाड्यांच्या मोटरी बोटाच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या असतात, त्या दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, गाडीचं नाव बघून त्याच मापाच्या दोन घ्या, एक घाला आणि एक डब्यात ठेवा.

दहा मिनिटं व्हर्नियरला द्या. नसेल तर शाळेची पट्टी चालेल, पण शाफ्ट मात्र व्हर्नियरनेच मोजा.

टर्न म्हणजे काय, आणि सगळे इथेच का फसतात

ब्रश मोटरवर ३५ टी, ४५ टी, ५५ टी असं लिहिलेलं असतं. आतल्या आर्मेचरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) प्रत्येक दातावर तांब्याच्या तारेचे किती वेढे आहेत, तो हा आकडा. वेढे कमी, तर मोटर जोरात फिरते आणि करंटही भरपूर खाते. वेढे जास्त, तर हळू फिरते पण प्रत्येक अँपिअरमागे जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. रेसिंगवाले म्हणून कमी टर्न घेतात आणि क्रॉलरवाले जास्त.

आता मी वागातोरला काय केलं ते बघा. चाक अडकलेलं असताना ट्रिगर दाबून धरला की मोटर फिरत नाही, आणि फिरत नाही म्हणून बॅटरीला विरोध करणारा उलटा व्होल्टेज तयार होत नाही, आणि तो नाही म्हणून मोटर बॅटरीतनं जेवढा ओढता येईल तेवढा करंट ओढते, आणि तो सगळा उष्णतेत जातो. आत पंखा असेल तर तोही थांबलेला. रेसच्या गाडीत हे क्वचित होतं, क्रॉलरमध्ये दर दोन मिनिटांनी होतं. कमी टर्नची मोटर तिथे काही सेकंदांत भाजून निघते, जास्त टर्नची थोडं जास्त सहन करते. कुठलीही असो, चाक फिरत नसेल तर मनात एक-दोन म्हणा आणि ट्रिगर सोडा, गाडी मागे घ्या, दुसरी लाइन पकडा.

पण मग ८० टी घेऊन टाकू का? नको, कारण बॅटरी मध्ये येते. मोटरचा वेग साधारणपणे व्होल्टेजबरोबर वाढतो आणि टर्नबरोबर कमी होतो. २ एस लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) ७.४ व्होल्ट, ३ एस ११.१, म्हणजे दीडपट. आणि ३५ वरून ५५ टर्नवर गेलात तर वेग ३५ भागिले ५५, म्हणजे साधारण ६४ टक्के. दीडपट गुणिले ६४ टक्के म्हणजे ९६. म्हणजे ५५ टी मोटर ३ एस वर जवळजवळ तेवढीच फिरते जेवढी ३५ टी २ एस वर फिरते, पण कमी करंटमध्ये. हे गणित एकदा डोक्यात बसलं की अर्धा प्रश्न सुटतो. २ एस बॅटरी आहे आणि तीच ठेवणार आहात, तर ३५ टी घ्या, डोकं लावू नका. ३ एस आहे किंवा घेणार आहात, तर ४५ किंवा ५५. २ एस वर ८० टी घातली तर गाडी गोगलगाय होईल, बागेतल्या दोन दगडांवर मजा येते, पण पायवाटेवर चालताना तुम्ही पुढे आणि गाडी मागे.

आणखी एक गोंधळ स्लॉटचा. साध्या मोटरच्या आर्मेचरला तीन दात असतात, काही क्रॉलर मोटरींना पाच. पाच स्लॉटवाली अगदी हळू वेगात जास्त एकसारखी फिरते, झटके कमी, गाडी इंच इंच सरकवता येते. पण तिचे टर्न तीन स्लॉटच्या टर्नशी सरळ जोखू नका. पाच भागिले तीनने गुणा. १३ टी पाच स्लॉट म्हणजे वेगाने साधारण २१-२२ टी तीन स्लॉट, आणि २० टी पाच स्लॉट म्हणजे ३३ च्या आसपास. एका मुलाने "१३ टी, बापरे, ही तर रेसिंगची" म्हणून चांगली मोटर परत केली होती.

माझ्या मते १/१० वर ब्रशमध्येच राहायचं असेल तर २० टीच्या आसपासची पाच स्लॉट घ्या, ब्रश बदलता येणारी. थोडी महाग पडते, पण हाताला फरक लगेच जाणवतो.

मोटरआधी पिनियन

तुमची मोटर जिवंत आहे आणि तक्रार फक्त "चढत नाही" एवढीच आहे, तर मोटर मागवूच नका. १४ दातांचा पिनियन काढून ११ चा घाला. वेग साधारण २१ टक्के कमी होतो आणि चाकावरचा टॉर्क सव्वापटीहून थोडा जास्त. मोटरच्या किमतीच्या कितीतरी कमी पैशांत होतं हे. फक्त पिनियनचं पिच (दातांचं माप) स्पर गिअरशी जुळलं पाहिजे, ३२ पी ला ३२ पी, ४८ पी ला ४८ पी, दोन्ही हातात धरले तर ४८ चे दात स्पष्ट बारीक दिसतात.

ईएससी झेपेल का

प्रत्येक ईएससीच्या कागदावर लिहिलेलं असतं की २ एस वर कमीत कमी किती टर्नची आणि ३ एस वर कमीत कमी किती टर्नची मोटर चालेल. ३ एस चा आकडा नेहमी मोठा असतो. त्याच्या खाली जाऊ नका, बस. ३५ टीच्या वर राहिलात तर चांगल्या क्रॉलर ईएससीला सहसा काही अडचण नसते. बॉक्स टाकून दिला असेल तर ईएससीवरचा मॉडेल नंबर वाचा आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

ब्रशलेस मोटर घ्यायची तर मात्र ब्रशचा ईएससी चालत नाही, तो पण बदलायचा. दोन वायरींची मोटर वेगळी, तीनची वेगळी.

ब्रशलेस घ्यावी का

पैसे असतील तर घ्या, पण सेन्सर्ड, म्हणजे शाफ्ट कुठे आहे ते ईएससीला कळवणारा सेन्सर असलेली. सेन्सर नसलेली स्वस्त ब्रशलेस अगदी हळू वेगात थरथरते, झटके देत सुरू होते, आणि क्रॉलर तर आयुष्यभर हळू वेगातच असते. हॉबीविंगच्या फ्यूजनमध्ये मोटर आणि ईएससी एकाच कॅनमध्ये येतात, ती १२०० केव्ही आणि १८०० केव्ही अशा प्रकारांत मिळते. केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे किती आरपीएम. १२०० गुणिले ३ एस चे ११.१ म्हणजे १३,३२०. १८०० गुणिले २ एस चे ७.४, करून बघा, तेच १३,३२०. म्हणून २ एस वाल्याने १८००, ३ एस वाल्याने १२००.

हा १३,३२० चा आकडा जमिनीवर किती होतो? समजा मोटरपासून चाकापर्यंत एकूण गिअर ४० ला १ आहे आणि टायर ११० मिमी व्यासाचा. चाक मिनिटाला ३३३ वेळा फिरेल, दर फेरीला साधारण ३४.५ सेंटिमीटर, म्हणजे तासाला ७ किलोमीटरच्या आत. भरभर चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने. क्रॉलरला एवढं पुष्कळ झालं.

खरा फायदा उतारावर कळतो. ब्रश मोटर ट्रिगर सोडल्यावर ड्रॅग ब्रेकवर थांबते खरी, पण उभ्या उतारावर हळूहळू घसरत राहते. एफओसीवाली ब्रशलेस, म्हणजे जिचा ईएससी करंट सतत मोजून मोटर सांभाळतो ती, जिथे सोडली तिथे चिकटते. चोर्ल्याच्या बाजूला ओढ्याकाठच्या ओल्या दगडांवर मी दोन्ही लागोपाठ चालवल्यात, त्यानंतर माझ्या मोठ्या गाडीत ब्रश मोटर परत गेली नाही. भाच्याच्या गाडीत मात्र अजून ३५ टीच आहे. "मामा, मला पण तसली घाल" म्हणतो, मी म्हणतो आधी ट्रिगर सोडायला शीक.

बसवताना

सोपं आहे, पण चार ठिकाणी लोक हमखास चुकतात.

स्क्रू जुनेच वापरा. हार्डवेअरच्या दुकानातून लांब एम३ आणून घातला तर तो मोटरच्या तोंडातून आत जाऊन वायंडिंगला टेकतो, आणि नवी मोटर पहिल्याच मिनिटात गेली. पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) शाफ्टच्या चपट्या बाजूवरच आला पाहिजे, आणि थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, अर्धा थेंब. जुना पिनियन निघत नसेल तर जोर लावून एलन कीचं भोक गोल करू नका, सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर मिनिटभर धरा, थ्रेडलॉकर मऊ होतो.

गिअर मेशसाठी, म्हणजे दोन गिअरच्या दातांत योग्य फट राहावी म्हणून, वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू घट्ट करा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर घड्या पडलेल्या हव्यात, फाटलेली नको. स्पर पूर्ण एक फेरी फिरवून बघा, कारण काही स्पर किंचित वाकडे असतात आणि एका जागी घट्ट होतात.

वायरी लावल्यावर गाडी उलटी पळाली तर ब्रश मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. त्यात एक पाचर आहे. काही मोटरींना एका दिशेसाठी टायमिंग दिलेलं (ब्रशची जागा थोडी एका बाजूला सरकवलेली) असतं, तसली मोटर उलटी फिरवली तर जास्त तापते आणि ब्रश लवकर खाते, म्हणून टीआरएक्स-४ सारख्या गाडीसाठी टायमिंग शून्य असलेली, किंवा उलट दिशेचीच मोटर मागवा. सेन्सर्ड ब्रशलेसमध्ये तीन वायरींची अदलाबदल अजिबात करायची नाही, ए ला ए, बी ला बी, सी ला सी, दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदला.

नव्या ब्रश मोटरला गाडीत घालण्याआधी दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर, पाच-दहा मिनिटं मोकळी फिरवा. सपाट ब्रश कम्युटेटरच्या गोलाईवर घासून बसतात. मग दोन्ही टोकांच्या बुशवर (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्यांवर) तेलाचा एकेक थेंब. पाण्यात बुडवून फिरवायची पद्धत पण आहे, मला ती आवडत नाही, नंतर नीट वाळवायचा कंटाळा येतो आणि आत गंज राहतो.

आपल्याकडचं पाणी आणि वाळू

पावसाळ्यात हरवळ्याला किंवा घरामागच्या वहाळात गाडी घातली तर गोड्या पाण्याने ब्रश मोटर लगेच मरत नाही, फक्त ब्रश लवकर झिजतात. घरी येऊन मोकळी फिरवून पाणी झटका, वाळवा, तेल घाला. खारं पाणी वेगळी गोष्ट. ईएससीवर वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून लोक लाटेत गाडी घालतात, ईएससी वाचतो, पण मोटरचे बेअरिंग, कनेक्टर, स्क्रू सगळं दोन दिवसांत तांबूस. ब्रशलेसचे बेअरिंग पण त्यातून सुटत नाहीत. चुकून भिजलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने भरपूर धुवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. जेवून मग बघू म्हटलं की गेली, मी म्हणून सांगतो.

वाळूचं एक करून बघा. जुन्या स्पीकरचं मॅग्नेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूत फिरवा. काळे केस चिकटल्यासारखे दिसले तर त्या जागी उघड्या भोकांची मोटर नेऊ नका, ते कण मोटरच्या आतल्या मॅग्नेटला जाऊन चिकटतात आणि निघता निघत नाहीत. डिचोली-सांगे पट्ट्यात खनिजाच्या जुन्या वाटांवर चालवणार असाल तर तिथली माती पण अशीच तपासा. सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) तांबडी धूळ त्या मानाने सोपी, कुंचल्याने झाडली की बरीचशी जाते, पण फटींतून आत शिरते म्हणून बंद कॅन बरा.

पहिली बॅटरी

नवी मोटर घालून पहिल्यांदा गेलात की पाच मिनिटं चालवा आणि थांबा. इन्फ्रारेड गन असेल तर कॅनवर धरा, ७० डिग्रीच्या खाली असेल तर चालू द्या. गन नसेल तर बोट. तीन सेकंद ठेवता आलं तर ठीक, झटकन मागे आलं तर गाडी बंद. मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारी दोनला हे करू नका, दगडच इतका तापलेला असतो की मोटरचा दोष कळत नाही, सकाळी नाहीतर पाचनंतर. तापत असेल तर पिनियन एक दात कमी करा आणि पुन्हा पाच मिनिटं. अजिबात कोमट पण होत नसेल आणि गाडी हळू वाटत असेल तर एक दात वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, बॅटरी आणि पिनियन दोन्ही एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

आणि जुनी मोटर, थोडी जरी फिरत असली तरी, टाकू नका. माझ्याकडे वागातोरला भाजलेली ती पहिली अजून आहे, वास येतो, ताकद अर्धी, पण कुणाचा ईएससी संशयास्पद वाटला की आधी तिलाच लावून बघतो.